वाजवून पाहावे, पण कशाशी ताडून?

मागील अंकात उत्तरांच्या ओघात मी एक वाक्य लिहिले होते, की काचेचे किंवा कार्बनचे तंतू राळेत (रेझिनमध्ये) बसवून केलेल्या वस्तूंना आतून झालेली इजा पुष्कळदा डोळ्यांना दिसत नाही, ती ठोकून किंवा कंपने मोजून शोधावी लागते. त्या एका वाक्यावर जितकी पत्रे आली तितकी एरवी संपूर्ण सदरावर येत नाहीत. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. दुसऱ्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण पत्रलेखिकेला जी आपली चूक वाटते आहे ती या विषयातील सर्वांत शिकवणारी अडचण आहे.

प्रश्न : मी रेल्वेच्या गाडी तपासणी विभागातून निवृत्त झालो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन आम्ही प्रत्येक चाकावर ठोका देत असू आणि आवाजावरून चाकाची प्रकृती ओळखत असू. माझा पुतण्या नागपूर विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पात विमानांच्या देखभालीचे काम करतो. तेथेही विमानाच्या काही भागांवर नाण्याने टकटक करून तपासणी होते, असे तो सांगतो. एवढ्या महागड्या विमानाची परीक्षा नाण्याने होते हे खरे आहे का, आणि ती आमच्याच हातोडीची पुढची पिढी म्हणावी का?
— एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, अजनी, नागपूर

उत्तर : आपल्या पुतण्याचे म्हणणे खरे आहे. आता प्रत्यक्ष नाण्याऐवजी बहुधा त्याच कामासाठी केलेली हलकी हातोडी किंवा धातूची चकती वापरली जाते, पण पद्धतीला नाव मात्र नाण्याचेच राहिले आहे. आपल्याकडे पूर्वी नाणे दगडावर टाकून ते खणखणीत वाजते की बद्द, यावरून नाण्याची पारख करीत. येथे नाणे पारखणारे झाले आहे, एवढाच फरक.

आपल्या हातोडीशी या नाण्याचे नाते मात्र वाटते तितके जवळचे नाही. रेल्वेचे चाक एकजिनसी पोलादाचे असते आणि पोलाद आपल्या कंपनातील ऊर्जा फार सावकाश गमावते, त्यामुळे ठोका कोठेही बसला तरी सबंध चाक घंटेसारखे वाजते. त्यात तडा असेल तर तड्याच्या कडा एकमेकींवर घासून ती ऊर्जा गिळतात आणि आवाज बसतो. म्हणजे आपण एका ठोक्यात सबंध चाकाला प्रश्न विचारत होता. नाणे फक्त आपल्या खालच्या जागेला प्रश्न विचारते. तंतुमिश्रित पदार्थातील राळ मुळातच ऊर्जा शोषून घेणारी असल्याने हा पदार्थ पोलादासारखा दीर्घकाळ निनादत नाही. तेथे ऐकायचा असतो तो ठोका बसताक्षणीचा आवाज, आणि तो ठरतो नाणे व पृष्ठभाग किती वेळ एकमेकांना चिकटून राहिले यावर. जागा निकोप आणि ताठ असेल तर नाणे लगेच उसळते, स्पर्श सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आटोपतो आणि आवाजात उंच सूर भरपूर असतात. खालचे थर सुटलेले असतील तर वरचा पापुद्रा पातळ स्प्रिंगसारखा दबतो, नाणे तेथे क्षणभर अधिक रेंगाळते, उंच सूर गळून जातात आणि कानाला आवाज बद्द लागतो. कॉली आणि अ‍ॅडम्स या ब्रिटिश संशोधकांनी १९८८ मध्ये या ठोक्याचे यांत्रिक विश्लेषण प्रसिद्ध केले. तोपर्यंत ही कारागिराची विद्या होती, त्यानंतर तिला आकडे मिळाले.

नाणे जागेपुरते बोलत असल्यामुळे ते जागोजाग फिरवावे लागते. तबलजी गजऱ्याभोवती एकेका घरावर थाप देत शेजारच्या घराशी सूर ताडतो, तसाच हा तपासनीस प्रत्येक टप्प्यावर आधीच्या टप्प्याशी आवाज ताडत पुढे सरकतो. येथे त्याला एक फसगत टाळावी लागते. आतून एखादी फासळी गेली असेल, जाडी बदलली असेल किंवा पूर्वी दुरुस्तीचे ठिगळ लावलेले असेल तर आवाज बदलतो आणि तो दोष नसतो. म्हणून त्या भागाचा नकाशा हाताशी असल्याशिवाय केवळ तयार कानावर विसंबणे मला कधीच पटलेले नाही. शेजारी कंप्रेसर धडधडत असेल तर तयार कानाचाही उपयोग नसतो.

या पद्धतीची खरी हुकमत मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या गाभ्यावर पातळ त्वचा चिकटवून केलेल्या भागांवर चालते. विमानाचे हलते पृष्ठ, रडारवरील नाकाचे आवरण, सांधे झाकणारी कवचे हे भाग पुष्कळदा तसे असतात. जाड, भरीव थरांच्या भागात खोलवर सुटलेला पापुद्रा नाण्याला लागत नाही. बोइंग ७८७ या विमानाच्या वजनाचा सुमारे ५० टक्के भाग तंतुमिश्रित पदार्थांचा आहे आणि त्याचे धड भरीव थरांचे आहे; तेथे अल्ट्रासॉनिक यंत्राला पर्याय नाही. आपल्या मिहानमध्येच या विमानातील प्रवासी कक्षाच्या फरशीखालील कार्बनतंतूंच्या तुळया तयार होत आल्या आहेत, तेव्हा हा विषय नागपूरकरांना परका मानण्याचे कारण नाही.

प्रश्न : मी यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकते. प्रकल्पासाठी आम्ही काचतंतू आणि इपॉक्सी यांच्या पट्ट्या हाताने थर देऊन तयार केल्या. व्हाइसच्या (पट्टी आवळून धरणाऱ्या पकडीच्या) बाहेर राहणारी लांबी २५० मिलिमीटर, रुंदी २५ आणि जाडी ३ मिलिमीटर आहे. निम्म्या पट्ट्यांत मुक्त टोकाजवळ मधल्या थरांत टेफ्लॉनचा तुकडा घालून थर मुद्दाम सुटे ठेवले. मोकळ्या टोकाला ५ ग्रॅमचा अ‍ॅक्सेलरोमीटर (कंपन टिपणारा संवेदक) लावून, लहान हातोडीने ठोका देऊन नैसर्गिक वारंवारिता मोजल्या. चांगल्या व सदोष पट्ट्यांच्या पहिल्या वारंवारितेत एक टक्काही फरक आला नाही. उलट एकाच चांगल्या पट्टीच्या जानेवारीतील आणि एप्रिलअखेरच्या मोजमापांत त्याहून अधिक फरक निघाला. आमचे काय चुकले?
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : आपण जे मोजले ते बहुधा बरोबर मोजले आहे. वारंवारितेने आपल्याला खूप काही सांगावे, ही अपेक्षा चुकली.

आधी साधा हिशेब पाहू. ठोका दिल्यावर वस्तू आपणहून सेकंदाला जितक्या वेळा कंप पावते ती तिची नैसर्गिक वारंवारिता; ती तिच्या ताठपणाला वस्तुमानाने भागून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. त्यामुळे ताठपणा दोन टक्क्यांनी घटला तरी वारंवारिता एकच टक्का उतरते. वर्गमूळ निम्मी बातमी वाटेतच गिळते. थर सुटल्याने ताठपणा किती घटतो, हा त्यापुढचा प्रश्न. पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. पट्टी मधोमध एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुटली, तर निम्म्या जाडीच्या दोन पट्ट्या उरतात. प्रत्येकीचा ताठपणा मूळच्या एक अष्टमांश, दोघींचा मिळून एक चतुर्थांश, आणि वारंवारिता थेट निम्मी. वहीची पाने सुटी असताना ती सहज वाकते आणि तीच पाने एकमेकांना चिकटवली की पुठ्ठा होतो, त्यातला हाच प्रकार आहे.

आपल्या पट्टीत मात्र थर थोड्याच भागात सुटले आहेत आणि त्या भागाच्या कडा चिकटलेल्या आहेत. अशा बंदिस्त सुट्या थरांचा परिणाम तेथेच जाणवतो, जेथे वाकताना थरांना एकमेकांवरून घसरण्याची ओढ असते. एका टोकाला आवळलेल्या पट्टीच्या पहिल्या कंपनप्रकारात, म्हणजे ती सर्वांत कमी वारंवारितेने डोलते तेव्हा, ही ओढ व्हाइसजवळ सर्वाधिक असते आणि मोकळ्या टोकाकडे जाता जाता शून्य होते. आपण टेफ्लॉन नेमका मोकळ्या टोकाजवळ ठेवला, म्हणजे जेथे पहिल्या वारंवारितेचे लक्षच नसते अशा कोपऱ्यात दोष लपवला. वरच्या कंपनप्रकारांत ही ओढ वेगळ्या जागी वाटली जाते, म्हणून दुसरी, तिसरी, चौथी वारंवारिता मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

आता मोजणीकडे वळू. आपल्या मापांची पट्टी, काचतंतू-इपॉक्सीचे सर्वसाधारण गुणधर्म धरले, तर सुमारे २५ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला २५ वेळा, कंप पावावी. तिचे वजन ३५ ग्रॅमच्या आसपास भरेल, आणि पहिल्या कंपनप्रकारात त्यातील जेमतेम पाव भाग, म्हणजे साडेआठ ग्रॅम, टोकाशी असल्यासारखा वागतो. त्या साडेआठ ग्रॅमवर आपण पाच ग्रॅमचा संवेदक बसवला! वारंवारिता २५ वरून २० पर्यंत उतरली असणार. संवेदक दर वेळी त्याच जागी बसला असता तर हे चालून गेले असते, पण तो टोकापासून अवघा एक सेंटिमीटर आत सरकला तरी वारंवारिता सुमारे दोन टक्क्यांनी बदलते. ज्या दोषाचा आपण शोध घेत आहात त्याच्याहून मेणाने चिकटवलेल्या संवेदकाची जागा अधिक बोलकी ठरते आहे. त्यात आणखी दोन गोष्टी मिळवा. चार सेकंदांच्या नोंदीचे साधे वारंवारिता-विश्लेषण पाव हर्ट्झपेक्षा बारीक पाहू शकत नाही, आणि २५ हर्ट्झवर पाव हर्ट्झ म्हणजे एक टक्का. तसेच वाकण्याची वारंवारिता जाडीच्या थेट प्रमाणात असते. तीन मिलिमीटरमध्ये तीन शतांश मिलिमीटरचा फरक पडला की तेवढ्यानेच एक टक्का सरकतो, आणि हाताने थर दिलेल्या दोन पट्ट्या इतक्या सारख्या निघणे अशक्यप्राय आहे. याचा अर्थ एवढाच की एका पट्टीची दुसरीशी केलेली तुलना येथे निरर्थक आहे. पट्टीची तुलना तिच्या स्वतःच्या आधीच्या स्थितीशीच झाली पाहिजे. ती निकोप असताना मोजा, मग तिच्यावर वजन पाडून तिला इजा करा, आणि मग त्याच रीतीने पुन्हा मोजा.

जानेवारी आणि एप्रिल यांच्यातील फरकाबद्दल आपण संकोचाने लिहिले आहे, पण मला तोच भाग पत्रातील सर्वांत मोलाचा वाटला. नियंत्रित वातावरणात, भट्टीत पक्व केलेली विमानाची राळ आणि खोलीच्या तापमानाला घट्ट झालेली प्रयोगशाळेतील राळ यांत मोठे अंतर आहे. दुसऱ्या प्रकारची राळ पुष्कळदा ५० ते ७० अंशांच्या दरम्यान मऊ पडू लागते. नागपुरात एप्रिलअखेर पत्र्याखालच्या प्रयोगशाळेत पारा ४२-४३ वर असतो. राळ तेव्हा आपल्या मऊ पडण्याच्या उंबरठ्यापाशी आलेली असते. शिवाय मधल्या महिन्यांत त्या उष्णतेनेच तिची अर्धवट राहिलेली पक्वता पुढे सरकते आणि पट्टी थोडी बदलून जाते. पावसाळ्यात राळ दमटपणाही शोषते. तेव्हा तापमानाची नोंद न ठेवता घेतलेली वारंवारिता म्हणजे तारीख नसलेले पत्र होय.

यातून वाट काढण्याची एक चांगली युक्ती कॉली आणि अ‍ॅडम्स या जोडीनेच १९७९ मध्ये मांडली होती. लहान दोषामुळे दोन वेगवेगळ्या वारंवारितांत जे बदल होतात त्यांचे परस्पर गुणोत्तर दोषाच्या जागेवर अवलंबून असते, त्याच्या तीव्रतेवर नव्हे. यात आपल्या कामाची एक गोष्ट दडलेली आहे. तापमान सबंध पट्टीला सारखेच मऊ करते, म्हणून ते सर्व वारंवारितांना जवळपास सारख्याच टक्क्यांनी खाली आणते. दोष एका जागी असतो, म्हणून तो काहींना ओढतो आणि काहींना स्पर्शही करत नाही. सर्व वारंवारिता एकत्र उतरल्या तर हवामानाकडे बोट दाखवावे, एखादी एकटीच उतरली तर पट्टीकडे.

प्रत्यक्ष प्रयोगासाठी व्हाइस सोडून द्या, कारण त्याचा आवळ रोज वेगळा असतो. पट्टी दोन बारीक दोऱ्यांवर, प्रत्येक टोकापासून एकूण लांबीच्या २२.४ टक्के अंतरावर टांगा. पहिल्या कंपनप्रकारात या दोन जागा स्थिर राहतात, त्यामुळे दोऱ्यांचा अडथळा होत नाही. अशी मोकळी पट्टी आवळलेल्या पट्टीच्या सहापटीहून अधिक वारंवारितेला वाजते आणि तो आवाज मायक्रोफोनला सहज टिपता येतो. मायक्रोफोनचे वजन पट्टीवर पडत नाही, हा त्याचा गुण महागड्या लेझर यंत्राइतकाच खरा आहे. कंपन किती वेगाने विझते तेही मोजा. सुटलेले थर घासत असल्यामुळे अवमंदन, म्हणजे कंपन विझण्याचा वेग, वाढते आणि ते पुष्कळदा वारंवारितेच्या आधी वाढते, फक्त त्याचे आकडे अधिक विस्कळीत येतात. शेवटी हळू, मध्यम आणि जोराचा असे तीन ठोके देऊन पाहा. निकोप पट्टीची वारंवारिता तिन्ही ठोक्यांना तीच राहते. सुटलेले थर मात्र हलक्या ठोक्याला मिटून राहतात आणि जोराच्या ठोक्याला उघडझाप करू लागतात, म्हणून वारंवारिता सरकते. व्हाइस ढिला असेल तरीही ती अशीच सरकते, हे दोऱ्यांवर टांगण्याचे आणखी एक कारण.

टेफ्लॉनविषयीही थोडे सांगितले पाहिजे. तो एकाच पातळीवर स्वच्छ फट तयार करतो. खरा आघात तसे करत नाही. हातातून निसटलेल्या पान्यासारख्या वस्तूचा मार बसला की राळेत तिरप्या भेगा पडतात आणि खाली जाता जाता अनेक पातळ्यांवर थर सुटत जातात. वर खळगा दिसेल न दिसेल, आत तंबूसारखा पसरलेला दोष असतो. म्हणून टेफ्लॉनच्या पट्टीवर साधलेली पद्धत खऱ्या इजेवर साधेलच असे नाही.

आपल्यापेक्षा मोठ्या मंडळींनाही हाच अनुभव आला आहे. अमेरिकेत अल्बुकर्कजवळ रिओ ग्रांदे नदीवरील महामार्गाचा एक पूल पाडायचा होता, तेव्हा १९९३ मध्ये लॉस अ‍ॅलामोस प्रयोगशाळेच्या संशोधकांनी त्याची पोलादी तुळई टप्प्याटप्प्याने कापत प्रत्येक टप्प्याला कंपने मोजली. पहिल्या टप्प्यांत वारंवारिता लक्षणीय उतरल्याच नाहीत. शेवटचा, तुळईचा खालचा पट्टा पूर्ण तोडणारा काप दिल्यावरच त्या स्पष्ट सरकल्या. स्वित्झर्लंडमधील झेड-२४ नावाच्या पुलावर १९९८ मध्ये तो पाडण्याआधी सुमारे वर्षभर कंपने नोंदली, तेव्हा गोठणबिंदूखालील थंडीत वारंवारिता ठळकपणे चढत असल्याचे दिसले. हे पूल तंतुमिश्रित नव्हते, पण वारंवारितेचा स्वभाव तोच. आपल्या प्रकल्पाच्या अहवालात हा अपयशी वाटणारा आकडा लपवू नका. तो आणि तापमान शेजारी शेजारी छापा.

प्रश्न : आमच्या कारखान्यातील कूलिंग टॉवरवर सहा पात्यांचा फायबरचा पंखा आहे, मिनिटाला १५० फेरे. गिअरबॉक्सवर दर आठवड्याला हातातल्या व्हायब्रेशन मीटरने रीडिंग घेतो. वर्षभर आकडा स्थिर होता. तरीही मागील शटडाउनमध्ये एका पात्याच्या मुळाशी चीर सापडली. मीटरने आधी का सांगितले नाही?
— देखभाल विभागातील एक वाचक, बुटीबोरी

उत्तर : मिनिटाला १५० फेरे म्हणजे सेकंदाला अडीच. हातात धरण्याचे बहुतेक मीटर १० हर्ट्झपासून १००० हर्ट्झपर्यंतचेच कंपन ऐकतात, त्यामुळे आपल्या पंख्याचे स्वतःचे फिरणेच त्या मीटरच्या कानाखालून निघून जाते. सहा पाती ओळीने एका जागेवरून जाण्याचा ठेका १५ हर्ट्झचा, तो मीटरला ऐकू येतो. पण तो मुख्यतः हवेचा असतो, पात्याच्या प्रकृतीचा नव्हे. आपला स्थिर आकडा गिअर आणि बेअरिंग यांच्याविषयी खरे सांगत होता. पात्यांविषयी त्याला कोणी विचारलेच नव्हते.

कमी वारंवारितेचे योग्य उपकरण लावले असते तरी चीर लगेच उमगली असती, असे नाही. चिरेने पात्याचे वजन बदलत नाही, म्हणून पंख्याचा तोलही बदलत नाही. तो बदलतो पुढे, जेव्हा चिरेतून पाणी शिरून पोकळीत किंवा आतल्या फोममध्ये साठते. कूलिंग टॉवरवर पाण्याला तोटा नसतो, तेव्हा अचानक वाढलेला असमतोल हे पात्यात पाणी शिरल्याचे लक्षण असू शकते, हे लक्षात असू द्यावे.

पात्यांची तपासणी पंखा थांबवूनच करावी लागते. मोटरचा पुरवठा तोडून, स्विचला कुलूप लावून आणि किल्ली आपल्या खिशात ठेवून मगच वर चढावे. वाऱ्याने पंखा फिरू नये म्हणून तो बांधून टाकावा. प्रथम मुळाशी असलेल्या बोल्टांचा आवळ ठरलेल्या मापाला आहे का ते पाहावे, कारण ढिला बोल्ट आणि चिरलेले मूळ कंपनाच्या भाषेत सारखेच बोलतात. मग प्रत्येक पात्याच्या टोकाजवळ त्याच अंतरावर संवेदक लावून, त्याच जागी रबरी टोकाच्या हातोडीने ठोका देऊन पहिल्या दोन-तीन वारंवारिता टिपून ठेवाव्यात. येथे आपल्याला विद्यार्थिनीपेक्षा एक सोय आहे. सहाही पाती एकाच दिवशी, एकाच तापमानाला, एकाच हाताने तपासली जातात, म्हणून हवामानाचा हिशेब आपोआप वजा होतो. मात्र नवीन असतानाही सहा पाती अगदी सारखी नसतात. त्यामुळे पहिल्या वर्षी मिळालेले सहा आकडे हा निकाल मानू नये. तो त्या पात्यांचा जन्मदाखला आहे. दुसऱ्या वर्षी पाच पाती आपल्या जुन्या आकड्यांपासून सारखीच सरकली आणि चौथे पाते एकटेच जास्त सरकले, तर चौथे उतरवावे. पात्याची दोन कवचे जेथे चिकटवलेली असतात त्या कडेने आणि मुळाभोवती नाणे किंवा लहान हातोडी बोटभर अंतराने फिरवणेही सोडू नये. चिकटवण सुटल्याचे त्यातच लवकर कळते.

प्रश्न : आपल्याला लागले तर दुखते. मग विमानाला स्वतःलाच का कळत नाही की आत काही मोडले आहे?
— इयत्ता नववीतील एक विद्यार्थी, धरमपेठ

उत्तर : तुझ्या प्रश्नावर जगभर काम चालू आहे, आणि त्या कामातला मुख्य पदार्थ तुझ्या स्वयंपाकघरात आहे. गॅसचा खटक्याचा लायटर दाबला की आतल्या स्फटिकासारख्या तुकड्यावर दाब पडून वीज निर्माण होते. क्यूरी बंधूंनी हा गुण १८८० मध्ये दाखवला. उलट बाजूने अशा तुकड्याला वीज दिली तर तो थरथरतो. विमानाच्या भागावर अशा पातळ चकत्या चिकटवल्या, तर एक चकती थरथरून लहर सोडते आणि बाकीच्या चकत्या ती ऐकतात. पत्र्यातून धावणाऱ्या या लहरींचे गणित होरेस लॅम्ब यांनी १९१७ मध्ये मांडले, म्हणून त्यांना लॅम्ब लहरी म्हणतात.

ठोका देऊन उठणारे साधे कंपन का पुरत नाही, हे अंबाझरीच्या काठावर उभे राहिलास तर दिसेल. पाण्यात रोवलेल्या काठीला मोठी, लांब लाट जणू पाहतच नाही, ती सरळ पुढे जाते. बारीक तरंग मात्र काठीवर आपटून वळतात. सबंध पंख डोलतो तेव्हाची लहर पंखाएवढी लांब असते, तिला रुपयाएवढी इजा दिसत नाही. चकत्यांनी सोडलेल्या लहरी सेकंदाला हजारो, कधी लाखो वेळा थरथरतात आणि त्या इजेइतक्याच बारीक असतात. अडचण एवढीच की ऐकलेली लहर निकोप असतानाच्या लहरीशी ताडून पाहावी लागते, आणि नागपूरच्या धावपट्टीवर मे महिन्यात तापलेल्या पंखातून लहर हिवाळ्यातल्यापेक्षा वेगळ्या वेळाने पोहोचते. त्यामुळे वेगवेगळ्या तापमानांच्या नोंदी आधीच साठवाव्या लागतात. चकत्या आणि त्यांच्या तारा स्वतःच निकामी झाल्या तर काय, हा प्रश्नही उरतोच.

प्रश्न : दर रविवारी मी कार्बनच्या सांगाड्याची सायकल घेऊन अमरावती रस्त्याने बाजारगावपर्यंत जातो. गेल्या महिन्यात एका खड्ड्यात पडलो. रंगाला ओरखडाही नाही. आपले वाक्य वाचून नाण्याने वाजवून पाहिली, तर खालच्या नळीच्या मधल्या भागात आवाज बदलतो. सायकल चालवावी का?
— एक सायकलपटू, नागपूर

उत्तर : केवळ मधल्या भागात आवाज बदलतो, यावरून दोष सिद्ध होत नाही. अशा नळ्यांची भिंत सांध्याजवळ जाड आणि मध्ये पातळ ठेवलेली असते, त्यामुळे सांध्याकडून मध्याकडे जाताना आवाज हळूहळू बदलणे स्वाभाविक आहे. नळीच्या डाव्या आणि उजव्या बाजूला, सांध्यापासून सारख्याच अंतरावर वाजवून पाहा. दोन्ही बाजू सारख्या बोलत असतील तर तो बदल बांधणीचा आहे. एकाच बाजूला, नाण्याएवढ्या जागेत आवाज एकाएकी बद्द होत असेल आणि अंगठ्याने दाबल्यावर ती जागा किंचितही आत जात असेल किंवा करकरत असेल, तर ती सायकल चालवू नये.

याची उलट बाजू अधिक महत्त्वाची आहे. सगळीकडे आवाज खणखणीत आला तरी सायकल निर्दोष ठरत नाही. नाण्याला सुटलेले पापुद्रे कळतात. तंतूच आडवे तुटून पडलेली उभी चीर त्याला बहुधा कळत नाही, आणि पुढच्या चाकाचा काटा व हँडल यांच्या आतल्या भागापर्यंत नाणे पोहोचतही नाही. हे दोन भाग मोडतात तेव्हा आधी वाकून इशारा देत नाहीत. पुढच्या चाकाला खड्ड्याचा मार बसला असेल तर काटा आणि हँडल खोलून पाहावेत, शंका असल्यास बदलावेत, आणि सांगाडा कार्बनची दुरुस्ती करणाऱ्या जाणकाराकडून अल्ट्रासॉनिक यंत्राने तपासून घ्यावा. तोवर सायकल भिंतीला टेकलेली राहू द्यावी.